पाल्याला पिवळं कार्ड

गणपती कांबळेला गणपती म्हणून हाक मारणारं कॉलनीत कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्याला रेफ्री म्हणायचे. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव न वाचता दारात उभा राहून विचारायचा, "रेफ्री हायत का घरात?" दिवसा गणपती फौंड्रीत कामाला जायचा, पण ती नुसती पोटाची सोय. माणूस खरा जिवंत व्हायचा तो दुपारी चारला, काळा शर्ट, काळी चड्डी आणि गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उतरल्यावर.

फुटबॉलच्या नादात कोल्हापुरात माणसं काय करत नाहीत! पेठेपेठेत संघ, संघासंघात वैर, आणि वैर असं की सोयरीक जुळवतानाही आधी मुलाचा संघ विचारून घ्यावा. गणपतीलाही पोरवयात खेळायचंच होतं. पाय चांगले होते, दमही होता. पण त्याच्या वस्तीला संघ नव्हता आणि पेठेच्या संघात त्याला जागा नव्हती. ती का नव्हती हे कुणी तोंडानं सांगत नसे, आणि सांगायची गरजही नसे. तेव्हा या पठ्ठ्यानं शिट्टी धरली. रद्दीच्या दुकानातून नियमांचं इंग्रजी पुस्तक आणलं, शेजारी शब्दकोश ठेवून दोन वर्षं घोटलं, परीक्षा दिली, आणि ज्या पेठा त्याला खेळायला घेत नव्हत्या त्या सगळ्या त्याच्या शिट्टीवर थांबायला आणि पळायला लागल्या. "शिट्टीवाल्याला पेठ नसतीया," असं तो म्हणायचा आणि म्हणताना छाती जरा पुढं काढायचा. काढावीच. वीस वर्षांत त्यानं शिव्या खाल्ल्या, दगड खाल्ले, एकदा पोलिसांच्या गाडीत बसून घरी आला, पण डोळ्यांनी पाहिलं तेच दिलं.

२००२ सालच्या जानेवारीत संघटनेकडून चिठ्ठी आली. पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्या पंचांनी महिनाअखेरच्या रविवारी मैदानाच्या सहा फेऱ्या बारा मिनिटांत पळून दाखवायच्या. जो पळेल त्याला हंगामात शिट्टी मिळेल. जो पळणार नाही त्यानं बाहेर टेबलावर बसून गोल कुणी मारला ते लिहीत राहायचं. गणपतीला एकोणपन्नासावं चालू होतं.

"मी आन् टेबलावर?" तो चिठ्ठी हलवत म्हणाला. "त्यापरास घरात बसून भाकरी थापीन."

"आदी परात कुटं असती ते तरी ठावं हाय का?" शेवंताबाई म्हणाल्या. त्या गणपतीच्या पत्नी. रेफ्रीला उलट बोलायची परवानगी कोल्हापुरात फक्त त्यांना होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे गणपती पळायला निघाला. उचगावच्या रस्त्यापासून आत वळलं की ही बावीस घरांची कॉलनी. मधे एक मोकळा प्लॉट आणि त्याला वेढा घालून जाणारा रस्ता. जणू देवानं त्याच्यासाठीच आखून दिलेलं मैदान! पहिल्या दोन फेऱ्या झोकात झाल्या. तिसरीला सहा वाजले आणि घराघरांतून खराटे बाहेर पडले. थंडीत बदामाची झाडं पानं ढाळतात, आणि बदामाचं पान म्हणजे काही चिंचेचं पान नव्हे, भाजलेल्या पापडाएवढं असतं ते. घरटी एक ढीग झाला, ढिगाला काडी लागली. थंडीमुळं धूर वर जाईना. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर तो पसरून बसला आणि त्यात गणपती शिरला. चौथ्या फेरीच्या मध्यावर त्याला खोकल्याची अशी उबळ आली की तो अण्णाप्पा मगदुमांच्या फाटकाला धरून उभा राहिला.

अण्णाप्पा आपल्या ढिगाशी हात शेकत होते. तांब्यापितळेच्या भांड्यांचं त्यांचं जुनं दुकान, आणि दुकानात पाणी तापवायच्या बंबांची रांग. कर्नाटकच्या सीमेकडून आलेलं हे जैन कुटुंब कॉलनीत पहिल्या दिवसापासून होतं. माणूस सरळ, पण हट्टी, आणि दुकान ज्या पेठेत त्या पेठेच्या संघाचा कट्टर.

"काय रेफ्री, दम लागला व्हय?" ते म्हणाले. "वय झालं की."

इथं गणपतीचं डोकं फिरलं. बोलायला तोंडात वारा नव्हता. हात सवयीनं खिशाकडे गेला, खिशात सवयीनं कार्ड होतं, आणि काय करतोय हे कळायच्या आत त्यानं अण्णाप्पांच्या नाकासमोर पिवळं कार्ड धरलं. वर शिट्टीही मारली.

शेजारपाजारच्या सहा घरांतली माणसं बाहेर आली. अण्णाप्पांनी आधी कार्डाकडे पाहिलं, मग ढिगाकडे, आणि सवयीनं तेही विचारून बसले, "कशाबद्दल?"

"धोकादायक खेळ," गणपती म्हणाला.

झालं! बातमी दूधवाल्याच्या आधी कॉलनीभर पोचली. पुढचे आठ-दहा दिवस काय मजा होती! गणपती पळायचा, ढीग पेटलेला दिसला की थांबायचा, पिवळं कार्ड दाखवायचा, खिशातल्या वहीत घराचा नंबर लिहायचा आणि पुन्हा पळायचा. लोक चिडायचे, हुज्जत घालायचे, "आमचा ढीग आधीच विझला होता, ऑफसाइड हाय हे," म्हणून ओरडायचे. दोन पिवळी मिळालेल्यांना लाल दाखवलं की ते खरंच दोन पावलं मागे सरकायचे. चहाच्या टपरीवर कॉलनीचे सरळ दोन संघ पडले: धूरवाले आणि बिनधूरवाले. ज्यांच्या दारात झाडच नव्हतं तेसुद्धा कुठल्या ना कुठल्या बाजूनं तावातावानं भांडत होते. तटस्थ राहणं कोल्हापुरी माणसाला झेपतच नाही.

पण कार्डानं धूर थांबत नव्हता. गणपतीच्या चारच्या पाच फेऱ्या होत नव्हत्या, आणि रविवार जवळ येत होता. डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं, "पळायचं असेल तर धुरात पळू नका." शेवटी त्यानं कॉलनीच्या मंडळाकडे अर्ज दिला: दारात पालापाचोळा जाळायला बंदी करावी.

वीस तारखेला, धावेच्या बरोबर एक आठवडा आधी, रविवारी सकाळी मोकळ्या प्लॉटवर सभा भरली. अध्यक्ष चिमणाबाई. सत्तरी गाठलेली, कॉलनीत पहिलं घर बांधलेली बाई. त्यांच्यापुढं मोठमोठे आवाज खाली यायचे. त्या दिवशी मात्र कुणाचाच आवाज खाली नव्हता.

"धूर न्हाई केला तर डास उचलून न्हेतील आमास्नी!"

"पाल्याचा ढीग तसाच ठिवला की त्यात जनावर निघतंय. मागल्या साली निघालंतं की न्हाई?"

"आन् गाडी येत न्हाई कचऱ्याची. पाला काय उश्याला घेऊन झोपू?"

अण्णाप्पा उठले. "मी सादं इचारतो. पहाटं बंब पेटवायचा न्हाई तर आंघूळ कशी करायची? गॅसवर पाणी तापवायला मी काय मंत्री हाय?"

"बंबात जाळा की अण्णा," गणपती म्हणाला. "बंबाला धुराडं हाय. दारातला ढीग कशापायी?"

"आन् तीस वर्सं फौंड्रीचा धूर खाल्लासा, त्यो गोड लागला तुमास्नी? छाती काय आमच्या बदामानंच भरली व्हय?"

हा टोला जोराचा होता. धूरवाल्यांनी टाळ्या पिटल्या. त्यात खोटं काही नव्हतं. गणपती म्हणाला, "फौंड्रीतला धूर पगार देतोय, अण्णा. तुमचा काय देतोय?"

आता बिनधूरवाल्यांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात बायकांतून विजयमाला उठल्या. त्या अण्णाप्पांच्या पत्नी, चारचौघांत सहसा न बोलणाऱ्या. "किडामुंगी मरंल म्हणून आमच्या घरात दिवस मावळल्यावर जेवण न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् सकाळी उठून ह्यो पाला पेटवतासा. त्यात काय किडामुंगी नसती?"

"तू कुणाकडनं हाईस?" अण्णाप्पा ओरडले.

"किड्यामुंगीकडनं," विजयमाला म्हणाल्या आणि खाली बसल्या. हसण्याचा असा गलका झाला की चिमणाबाईंना काठी आपटावी लागली.

मतं घरटी एक होती. अण्णाप्पांनी घराचा हात स्वतःच वर केला, विजयमालांना विचारलं नाही. मोजणी झाली. बंदीच्या बाजूनं अकरा आणि विरोधात अकरा.

अकरा-अकरा! सभेच्या अंगावर काटा आला. सगळे चिमणाबाईंकडे पाहू लागले. त्यांनी हात झटकले. "माझं मत माझ्या घराचं हुतं, ते दिलं. आनिक न्हाई. मला दोन्हीकडं जायचं-यायचं असतंय."

कुणीतरी मागून थट्टेनं ओरडलं, "मग टायब्रेकर घ्या की!"

दुसऱ्या गावात लोक हसले असते आणि सभा पुढच्या रविवारवर गेली असती. इथं दोन मिनिटांत दोघे बांबू आणायला पळाले, एकानं रेघ मारायला पांढऱ्या फक्कीचा डबा आणला, आणि धूर बंद करायचा का चालू ठेवायचा हा गंभीर सामाजिक प्रश्न पेनल्टी किकवर सोडवायचं एकमतानं ठरलं. सकाळपासून झालेलं तेवढंच एकमत. प्रत्येक बाजूच्या पाच किक. चिमणाबाईंनी वर एक नियम घातला: "बरोबरी झाली तर धूर बंद. पुढं खेळायचं न्हाई, मला भात टाकायचाय."

गोलकीपर कॉलनीत एकच होता, अण्णाप्पांचा मुलगा वृषभ. चोवीस वर्षांचा, एका तालमीच्या संघातून खेळणारा. दोन्ही बाजूंसाठी तोच उभा राहील असं ठरलं. राहता राहिला रेफ्री.

"मी न्हाई," गणपती म्हणाला. "अर्ज माझा हाय. मीच शिट्टी कशी मारू?"

"दुसरा कुटनं आणायचा?" अण्णाप्पा म्हणाले. "कांबळेच मारतील. माझा इश्वास हाय."

गणपतीनं शिट्टी गळ्यात घातली. फक्कीची रेघ त्यानं स्वतः मारली, बांबूंमधलं अंतर पावलांनी दोनदा मोजलं, आणि रेघेच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. वीस वर्षांत मोठमोठे सामने त्यानं खेळवले होते, पण ज्यात स्वतःचं काही जाणार किंवा येणार आहे असा एकही नव्हता.

बिनधूरवाल्यांनी पाचांतले तीन मारले. तिसरा गोल शेवंताबाईंनी मारला. पदर खोचून आल्या, "सर रं वृषभ बाजूला," म्हणाल्या, आणि तो हसण्याच्या नादात होता तोवर चेंडू पार झाला. धूरवाल्यांचे पहिल्या चार किकमध्ये तीन झाले. तीन-तीन, आणि एक किक बाकी. गेली तर धूर राहणार. चुकली तर बरोबरी, आणि धूर बंद. बोंबलून बोंबलून लोकांचे घसे बसले होते. रस्त्यावरून जाणारे पावणे सायकली टेकवून आत येऊन उभे होते आणि कशाचा सामना आहे हे न विचारताच ओरडत होते.

शेवटची किक मारायला अण्णाप्पा आले. वय बासष्ट, पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी. समोर गोलात पोटचा मुलगा. त्यांनी लेंगा वर ओढला, तीन पावलं मागे गेले आणि धावत येऊन चेंडूवर पाय मारला. पाय धड बसला नाही. चेंडू अंगात काही नसल्यासारखा घरंगळत निघाला. वृषभ चुकून उलटीकडे झेपावला होता. तो धुळीत वळला, हात लांबवला, चेंडूवर पंजा टाकला आणि झटक्यानं चेंडू पोटाखाली ओढला. धुरळा उडाला.

"अडिवला! अडिवला!"

बिनधूरवाले नाचत आत घुसले. शेवंताबाईंनी विजयमालांना मिठी मारली. अण्णाप्पांनी टोपी काढली आणि मान खाली घातली. सगळ्या प्लॉटवर दोनच माणसं हललेली नव्हती. एक वृषभ, पोटाशी चेंडू धरून. आणि दुसरा गणपती, रेघेच्या टोकाशी.

चेंडू आत गेला होता. पुरता आत. रेघ आणि चेंडू यांच्यात चार बोटं माती होती, ती गणपतीनं पाहिली होती. वृषभनं तो बाहेर ओढला होता, लबाडीनं नव्हे, गोलकीपरची खोड असते ती. त्यानं वर मान करून गणपतीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

धावेला सात दिवस होते. काही बोलायचंच नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं. गर्दी गणपतीलाच खांद्यावर घ्यायला निघाली होती, आणि त्या अर्ध्या मिनिटात त्याला स्वतःचा राग आला, नियमांचा राग आला, त्या रद्दीवाल्याचाही आला. मग त्यानं शिट्टी तोंडात घातली, जोरात मारली आणि हात प्लॉटच्या मध्याकडे केला.

गोल.

नाचणारे जागच्या जागी थांबले. अण्णाप्पा टोपी हातात धरून त्याच्यापाशी आले. "रेफ्री, खरं सांगा. गेलता?"

"गेलता."

"कुणी बघिटलं न्हाई."

"मी बघिटलं की."

घरी गेल्यावर शेवंताबाईंनी ताट वाढलं. जेवण अर्ध्यावर आल्यावर त्यांना राहवेना. "रोज सकाळी पंचशील म्हणतासा," त्या म्हणाल्या. "आज एक दिवस इसरलं असतं तर भगवंत रागावला असता व्हय?" आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. "लई वाईट वाटतंय मला तुमचं. खरं, दुसरं काय केलं असतं तुमी, तर तेबी वाईट वाटलं असतं."

सोमवारी पहाटे गणपती निघाला तो मान खाली घालूनच. सहा वाजले. खराटे निघाले, ढीग झाले. तो अण्णाप्पांच्या फाटकाशी आला तेव्हा ते ढिगासमोर उकिडवे बसले होते, हातात काडेपेटी, आणि काडी ओढलेली नव्हती.

"पेटवा की अण्णा," गणपती थांबून म्हणाला. "जिंकलासा तुमी. हक्क हाय तुमचा."

"तेच तर," अण्णाप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चिडका होता. "अर्धा तास झाला बसलोय. तुमी मला गोल दिलासा, आन् काडी काढून घेतलीसा. आता हे पेटवायला तोंड कुटनं आणू?"

मग अण्णाप्पा उठले, आत जाऊन दोन पोती आणि एक फावडं घेऊन आले, आणि वृषभला हाक मारून मोकळ्या प्लॉटच्या कोपऱ्यात खड्डा काढायला लागले. आठपर्यंत तिथं सात घरांचा पाला येऊन पडला. सगळेच काही सुधारले नाहीत. दोन घरं उन्हाळ्यापर्यंत पेटवत राहिली, आणि त्यांची पिवळी कार्डं चालूच राहिली. पण छातीएवढ्या उंचीवरचा तो धुराचा थर मोडला. बुधवारी गणपतीच्या पाच फेऱ्या झाल्या. शुक्रवारी साडेपाच.

सत्तावीसच्या रविवारी मैदानाच्या कठड्यावर अर्धी कॉलनी बसली होती. गणपती सहावी फेरी पळत होता तेव्हा शेवटचं मिनिट चालू होतं, आणि शेवंताबाई कठड्यावर उभ्या राहून अशा ओरडत होत्या की घड्याळ लावून बसलेल्या पंचांनी कान झाकले. त्यानं रेघ ओलांडली तेव्हा अकरा सेकंद उरले होते. तो गवतावर उताणा पडला आणि मोठमोठ्यानं श्वास घ्यायला लागला. खोकला आला नाही. तो नुसता श्वास घेत होता आणि हसत होता.

मार्चमध्ये त्याला उपांत्य सामना मिळाला. गॅलरी खच्चून भरलेली. शेवटच्या पाच मिनिटांत त्यानं पेनल्टी दिली आणि अर्धं मैदान पेटून उठलं. त्या हजारांच्या गदारोळातून एक आवाज त्यानं नेमका ओळखला.

"कांबळेss! डोळं फुटलं का काय तुमचं? आंधळा रेफ्री हाय ह्यो, आंधळा!"

अण्णाप्पा होते. टोपी हवेत फिरवत, गळ्याच्या शिरा ताणून, सगळ्या गॅलरीत सगळ्यांत मोठ्यानं. पेनल्टी त्यांच्या पेठेच्या विरुद्ध होती ना!